मिठागरातला इतिहासाचा तास

नववीत आम्हाला इतिहासाला नवे सर आले. तरुण होते. पुस्तकं मिटायला लावायचे आणि म्हणायचे, इतिहास पाठ करायचा नसतो, अंगावर घ्यायचा असतो. आम्हाला ते फार आवडायचे.

मुलुंडला आमच्या शाळेपासून मिठागरं चालत जाण्यासारख्या अंतरावर होती. मिठाचा सत्याग्रह शिकवायचा आला तेव्हा एका शनिवारी शाळा सुटल्यावर सरांनी अख्खा वर्ग तिकडे नेला. बरोबर कवायतीच्या काठ्या घेतल्या. दांडगी पोरं पोलीस झाली, आम्ही किडमिडे सत्याग्रही. माझ्याच बाकावरचा, आमच्याच चाळीतला माझा मित्र पोलिसांत होता.

सरांनी समजावलं. आम्ही रांगेनं मिठाच्या ढिगाकडे चालत जायचं, पोलिसांनी काठ्या मारायच्या, आणि काही झालं तरी सत्याग्रहीनं हात वर करायचा नाही. पहिल्या खेपेला काठ्या नुसत्या टेकल्या आणि सगळे हसत सुटलो. सर चिडले. त्या माणसांना हसू येत होतं का, असं विचारून त्यांनी परत करायला लावलं.

आता ज्याची काठी वाजेल त्याला सर शाबासकी देऊ लागले. मग सगळ्यांच्याच वाजायला लागल्या. मित्रासमोर आलो तेव्हा वाटलं, हा हळू मारेल. त्यानं आधी सर बघतायत ना ते पाहिलं आणि दोन्ही हातांनी काठी उचलली. मी हात वर केला नाही. खांद्यापाशी कडकन आवाज झाला आणि मी खाऱ्या पाण्यात गुडघ्यांवर आपटलो. फुटलेल्या गुडघ्याला मीठ असं झोंबलं की खांद्याचं आधी कळलंच नाही.

सर आले. मला वाटलं, उचलतील. त्यांनी मला पायवाटेवरून बाजूला सरकवलं आणि मागे वळून म्हणाले, "पुढची रांग."

खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. वडिलांनी विचारलं, मार खात उभा का राहिलास? सरांनी सांगितलं होतं म्हणालो, तर त्यांनीही एक ठेवून दिली. शाळेत मात्र ते गेले नाहीत. त्यांची गिरणी संपात बंद पडली होती आणि माझी फी माफ होती.

दोन-चार दिवसांनी मित्र घरी आला. दुखतं का रे, विचारलं. मी नाही म्हणालो.

"सर म्हणाले, नीट पोलीस मी एकटाच झालो," तो म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता.

पुढच्या वर्षी सरांनी मला नव्या नववीच्या वर्गात बोलावून घेतलं. शर्टाची वरची बटणं काढायला लावली आणि वाकडं जुळलेलं हाड पोरांना दाखवलं. याला म्हणतात इतिहास, असं सांगितलं. पोरं बाकांवर चढून बघत होती. मागून एकानं विचारलं, "सर, मी पोलीस होऊ?"