राखणीचा बांबू

संस्थान विलीन झालं आणि आमच्या जंगलाला नवा धनी मिळाला. साखरशेत गावच्या पुंजानं नांगरासाठी सागाची एक फांदी तोडली, तर जंगलखात्याच्या गार्डानं त्याला दिवसभर उन्हात बसवून जंगल कसं राखावं ते शिकवलं. पुंजा वैतागून किनाऱ्यावर गेला आणि ट्रॉलरवर खलाशी झाला.

ट्रॉलर म्हणजे समुद्राच्या तळावरून जाळं फरफटत नेणारी इंजिनाची बोट. जाळं वर आलं की मासळीबरोबर प्रवाळाचे तुकडे यायचे, दगडाचे पण फांद्या फुटलेले, आत बोटाएवढी पिल्लं दडलेली. ते फोडून फेकायचं काम पुंजाचं. हे तर झाडच आहे, असं तो पहिल्या दिवशी म्हणाला तेव्हा खलाशी पोट धरून हसले. डोंगरात एका फांदीपायी त्याला उन्हात बसवला होता. इथं अख्खं रान मोडल्यावर चहा मिळायचा.

किनाऱ्याजवळचे खडक असे खरवडून संपले. एक मात्र धड होता, कारण तिकडे अजून कुणी फिरकलं नव्हतं. जाळं त्याच्या कडेला घासलं तेव्हा पुंजाला तो कळला, आणि तो वाचवायचाच हे त्याच्या डोक्यानं घेतलं.

आमच्याकडे माळावरचं गवत राखायचं असलं की काठी रोवून तिला गवताचा झुबका बांधतात. गुराखी तो बघतो आणि गुरं वळवतो. पुंजानं तेच केलं. बोट हाकणाऱ्या तांडेलाचा डोळा चुकवून बांबूला झुबका बांधला, खाली दोरीनं धोंडा अडकवला आणि नेमका खडकावर सोडला. मग समाधानानं झोपला.

समुद्रात बांबू तरंगताना दिसला की बोटवाले समजतात, कुणीतरी मासळी हेरली आहे. पुढच्या खेपेला तिथं बोटींची जत्रा भरली होती. आपण मागं राहायला नको म्हणून तांडेलानंही जाळं सोडलं. खडक तुकड्यातुकड्यांनी वर आला आणि तो फोडायला पुंजाच होता. फोडताना तो रडला, असं त्यानंच मला सांगितलं.

मालक बेहद्द खूश. बांबू कुणाचा ते कळल्यावर त्यानं पुंजाच्या हातात नवे बांबू दिले आणि आणखी अशी जागा ठाऊक आहे का, असं विचारलं.

"नाय शेठ," पुंजा म्हणाला. "नाय ठावं."

ठाऊक होती, पक्की ठाऊक होती. त्याच खेपेला परतताना, किनाऱ्यापासून लांब, जाळ्यात प्रवाळाची एक ताजी फांदी आली होती आणि ती त्यानं गुपचूप पाण्यात सोडली होती. जागा दाखवत नाही तो माणूस काय कामाचा, म्हणून मालकानं बांबू काढून घेतले आणि त्याला घरी धाडलं. पुढं साखरशेतात नाचणी पिकवत तो म्हातारा झाला, पण ती जागा त्यानं बायकोला, सुकीलाही सांगितली नाही. सुकीची तर खात्रीच होती की तिथं तिची सवत राहते.