‘सब ठीक’ म्हणणारी पोटं

प्रोजेक्ट संपत आला तरी आमच्याकडे माहिती मूठभर आणि किस्से पोतंभर! गुप्ते मॅडम म्हणतात, "किस्से म्हणजे डेटा नव्हे." मग काय करू त्यांचं, लोणचं घालू?

विषय मॅडमनीच दिलेला. आतड्यांना वर्षानुवर्षं सूज राहते, जखमा होतात, जुलाब आणि रक्त थांबत नाही. हा आजार असलेल्या माजी सैनिकांना उपचार नीट मिळतात का, ते शोधायचं. मी आणि तबस्सुम, आम्ही दोघी कर्जतला नर्सिंग शिकणाऱ्या. "एवढंच ना? विचारून येऊ," असं म्हणणारी मीच. हौस दांडगी!

*

पहिले भिवपुरीचे एक काका, फौजेत नाईक होते. तबस्सुमने विचारलं, "काका, पोटाचा त्रास कधी सुरू झाला?" काका थेट बर्फात पोचले. बंकर, खेचरं, रॉकेलचा स्टोव्ह... चहा झाला, पोहे झाले, आमची गाडी चुकली. शेवटी मीच म्हटलं, "काका, आणि पोट?"

"पोट माझ्यासोबतच होतं ना!"

*

मोहोपाड्याचे काका रिटायर होऊन एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला.

"ड्युटीवर असताना अचानक संडासला जावं लागलं तर?"

"रिलीव्हर आला की जातो."

"तो कधी येतो?"

"शिफ्ट संपली की!"

वर स्वतःच हसले. मला तर रडूच यायचं बाकी होतं.

*

लोधिवलीचे हवालदार पवार. ताठ बसलेले, पण शर्ट अंगावर लोंबत होता. भूक? "सब ठीक." झोप? "सब ठीक." रक्त? "सब ठीक!" मागे दारात काकू उभ्या, प्रत्येक उत्तराला मान हलवून नाही म्हणतायत. आता मी कुणाचं लिहू?

निघताना काकू आमच्यासोबत रस्त्यापर्यंत आल्या. "रगात जातंय गं पोरी, सुकत चाललेत. डाक्टरला एक शब्द सांगत नाय. तुमी तरी वदवा, नायतर माणूस हातचा जाईल माझा."



*

म्हणून पवारांच्या तपासणीला आम्हीही गेलो. माजी सैनिकांचा दवाखाना लांब आणि एसटी काय मध्ये थांबत नाही. तर हा बहाद्दर आदल्या दुपारपासून उपाशी!

डॉक्टरांनी विचारलं, "काल-आज किती वेळा जावं लागलं?"

"एकदाही नाही, सर!"

खरंच होतं की! डॉक्टर खूश. "वा! मग औषध थोडं कमी करून बघू."

तबस्सुमने तोंड उघडलं, पवारांनी डोळे वटारले, तिने मिटलं. पेशंटच्या परवानगीशिवाय त्याचं काही बोलायचं नाही, हा मॅडमचा नियम. बाहेर आल्यावर मी कावले. "काका, उपाशी माणसाला जुलाब कुठून होणार?"

"इन्स्पेक्शनला तयारी करूनच जायचं असतं, बाळ."

देवा रे! डोकं आपटायला भिंत शोधत होते मी.

*

मग मॅडमनी आयडिया काढली. "सगळ्यांना एकत्र बसवा. एकमेकांचं ऐकून बोलतील."

समाजमंदिरात बसवलं. पवारकाकूही आल्या. आमची चूक एकच झाली. हुद्द्याने सगळ्यांत वरच्या, रिटायर्ड सुभेदारसाहेबांनाही बोलावलं आणि पहिला प्रश्न त्यांनाच विचारला.

"मला काही त्रास नाही," साहेब म्हणाले.

झालं! वरच्याला नाही म्हटल्यावर खालच्याला कसा असेल? पवारांना नाही, नाईकांना नाही, सिक्युरिटीवाल्या काकांना नाही. मग आलात कशाला, भजी खायला?

थोड्या वेळाने साहेब हळूच उठले. मग पवार. मग बाकीचेही. बघता बघता खोलीत उरलो आम्ही दोघी आणि काकू. मागे जाऊन बघतो तर एकुलत्या एका संडासापुढे रांग, तीसुद्धा हुद्द्याप्रमाणे! पुढे साहेब, मागे पवार, घामाघूम, पोट धरून वाकलेले.

साहेबांनी वळून बघितलं. "पवार, आधी तू."

"नाही साब, आपण."

"ऑर्डर आहे!"

पवार आत गेले. कडी लागली. साहेब दारासमोरच उभे राहिले.

"पवार, रक्त जातं का रे?"

साहेबांनी दारावर थाप मारली.

"हवालदार पवार! रिपोर्ट!"

"जातं, साब! रोज जातं!"

काकूंनी पदर तोंडाला लावला. साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि बंद दाराकडे बघतच म्हणाले,

"माझंही जातं रे. सकाळी तयार राहा, दोघं डॉक्टरकडे जाऊ."