आमच्या पेटीतली दुसरी पसंती

११ जून २००४ रोजी, शुक्रवारी, आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुका झाल्या. डब्लिनच्या कडेला, ब्लँचर्डस्टाउनच्या पलीकडच्या आमच्या वसाहतीत राहणारी आमची शेजारीण अपक्ष म्हणून दुसऱ्यांदा उभी होती. मोजणी शनिवारी सुरू झाली. रविवारी दुपारी ती स्पर्धेतून बाद झाली.

आम्ही त्या वसाहतीत १९९८ मध्ये राहायला आलो. बायकोला डब्लिनमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी मिळाली होती. मी पुण्यातल्या एका दैनिकातली वार्ताहराची नोकरी सोडून तिच्यासोबत आलो. त्या काळच्या नियमाप्रमाणे नोकरीच्या परवान्यावर आलेल्या माणसाच्या जोडीदाराला काम करता येत नसे. त्यामुळे दिवसभर मी घरी असे. निम्मी वसाहत अजून बांधून व्हायची होती. आमच्या रस्त्याच्या टोकाला डांबर संपून चिखल सुरू होई, आणि तिथून बसचा थांबा गाठायला बराच वेळ चालावं लागे.

शेजारीण पहिल्याच आठवड्यात मागच्या दाराने आली. पुढच्या दाराची बेल वाजवणारा माणूस काहीतरी विकायला आलेला असतो, हे तिने मला तेव्हाच सांगितलं. हातात ताज्या भाजलेल्या सोडा ब्रेडची लादी होती, अजून गरम. स्वयंपाकघरातली कपाटं उघडून पाहत ती म्हणाली, "प्रेस ओली आहे. बिल्डरला कळवा. नाही कळवलंत तर मी कळवते." कपाटाला तिथे प्रेस म्हणतात. बिल्डरला तिनेच कळवलं.

त्याच हिवाळ्यात ती मतदार नोंदणीचे कागद घेऊन आली. मी म्हणालो, आम्ही इथले नागरिक नाही. ती म्हणाली, "राहता ना इथे? मग कौन्सिलच्या निवडणुकीत मत आहे तुम्हाला." ते खरं होतं. आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीत तिथे राहणाऱ्या कोणालाही मत देता येतं, मग पासपोर्ट कुठलाही असो. यादीत आमच्या नावांपुढे एक अक्षर छापून आलं. त्याचा अर्थ होता, फक्त स्थानिक.

जून १९९९ मध्ये आम्ही पहिल्यांदा मत दिलं. मतदान केंद्र प्राथमिक शाळेत होतं. भिंतीवर मुलांनी रंगवलेले मासे, गुडघ्याएवढ्या खुर्च्या, आणि आडोशाला दोरीने बांधलेली पेन्सिल. बायकोने बोट पुढे केलं. टेबलामागच्या बाईंना काही कळेना. "शाई नाही लावत?" बायकोने मला मराठीत विचारलं. शाई नव्हती. पेन्सिलने नावांपुढे एक, दोन, तीन असे आकडे लिहायचे होते, आपल्या पसंतीच्या क्रमाने.

त्या वेळी शेजारीण पहिल्यांदा उभी होती. वसाहतीत बस आत यावी, एवढीच तिची मागणी होती. ती लवकरच बाद झाली. तिचा नवरा विमानतळावर सामान हाताळण्याचं काम करायचा आणि निवडणुकीत टॅली करायचा. टॅली हा तिथला जुना रिवाज आहे. मतपेटी टेबलावर रिकामी करतात, कर्मचारी एकेक कागद उलगडून सुलटा ठेवतात, आणि कठड्याबाहेर उभी असलेली माणसं वाकून वाकून पहिली पसंती कोणाला ते टिपत जातात. प्रत्येक वसाहतीची पेटी वेगळी असते. त्यामुळे अधिकृत मोजणी सुरू होण्याआधीच कोणत्या रस्त्याने कोणाला हात दिला हे सगळ्यांना कळलेलं असतं. १९९९ मध्ये त्याने मला सोबत नेलं होतं. पुण्यात मी अनेक मोजण्या पाहिल्या होत्या, पण मतदारांची मतं अशी उघड्या डोळ्यांनी वाचणारी माणसं पाहिली नव्हती.

"आपल्या गल्लीत मला किती?" मोजणी संपल्यावर तिने त्याला विचारलं होतं.

"गल्लीत तू जिंकलीस," तो म्हणाला. "गल्लीबाहेर देश आहे."

मे २००२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत आमच्या मतदारसंघात मतदान यंत्रं आली. आम्हाला मत नव्हतं. पेट्या नव्हत्या, कागद नव्हते, म्हणून टॅलीही नव्हती. तो मोजणीला गेलाच नाही. त्या दिवशी त्याने मागच्या अंगणातलं गवत दोनदा कापलं. २००४ च्या वसंतात सरकारने यंत्रं बाजूला ठेवली आणि कागद परत आले. भारतात त्याच सुमारास लोकसभेची सगळी निवडणूक यंत्रांवर झाली होती. वसाहतीतल्या एका मराठी माणसाने त्याला हे ऐकवलं. "तुमचं कौतुक आहे," तो म्हणाला, "पण मग तुमची माणसं मोजणीच्या शनिवारी करतात काय?"

तोपर्यंत आमच्या वसाहतीत मराठी घरं बरीच झाली होती. पुण्याची, मुंबईची, नागपूरची. कोणी सॉफ्टवेअरमध्ये, कोणी औषधांच्या कारखान्यात. ज्या ज्या घरी पाटी बदलली, त्या त्या घरी शेजारीण मागच्या दाराने सोडा ब्रेड आणि नोंदणीचे कागद घेऊन जात असे. आमची महिन्याची भिशी सुरू झाली होती. भिशीला तिला बोलावत. ती साबुदाण्याची खिचडी तीनदा घ्यायची आणि प्रत्येक वेळी "मला नको, खरंच नको" म्हणायची. पुण्याच्या वहिनी म्हणायच्या, "ही आपल्यातलीच आहे हो. पहिल्या नकोला हिचं ताट काढून घेऊ नका."

मे महिन्यापासून उमेदवार दारोदार फिरू लागले. रात्री दहापर्यंत उजेड असे. दिव्याच्या खांबांवर चेहरे टांगलेले, कापलेल्या गवताचा वास, आणि दारात कोणीतरी छत्री मिटत उभं. एक मोठ्या पक्षाचा तरुण उमेदवार कडेवर पोर घेऊन यायचा. एक शाळामास्तर होता, विद्यमान कौन्सिलर. आमच्या रस्त्यावरचा बंद दिवा त्याने सुरू करून दिला होता. तिसरी एक नर्स होती. आमच्या घरांमध्ये या तिघांना दारात उभं ठेवणं कोणाला जमलं नाही. त्यांना आत घेतलं गेलं, चहा झाला, चिवडा झाला. मास्तरने एका घरी चकली कशी करतात ते विचारून घेतलं. निघताना ते म्हणायचे, "तुमची पहिली पसंती मिळेल का?" आणि आमची माणसं म्हणायची, "हो, नक्की."

शेजारीण मात्र आमच्या गल्लीत मत मागायला आली नाही. ती आजूबाजूच्या सगळ्या वसाहती पायी हिंडली, पावसात, बुटांचे तळ झिजवून. "ही शेवटची खेप," ती बायकोला म्हणाली होती. "या वेळी नाही जमलं तर पुन्हा पोस्टर लावायचं नाही. माझे गुडघे ऐकत नाहीत." आमच्या दारी ती आली ती फक्त शिडी मागायला.

मतदानाच्या आदल्या रविवारी भिशी आमच्याकडे होती. विषय आपोआप निघाला. कारखान्यात काम करणारा नागपूरचा इंजिनिअर म्हणाला, "मी त्या पोरवाल्याला हो म्हटलंय. आता फिरवता येत नाही शब्द."

"आम्ही मास्तरांना," पुण्याच्या वहिनी म्हणाल्या. "दिवा लावून दिला त्यांनी."

"मग शेजारणीचं काय?" मी विचारलं.

"तिला दोन नंबर देऊ सगळे. दोन नंबर काही कमी नाही. सगळ्यांचा मान राहतो."

मी नियम सांगितला. आमच्या भागातून एक नाही, अनेक कौन्सिलर निवडायचे होते. तुमचा पहिला उमेदवार शर्यतीतून बाहेर पडला, किंवा कोट्यापेक्षा, म्हणजे निवडून यायला लागतात त्यापेक्षा, जास्त मतं घेऊन निवडून आला, तरच तुमचं मत दुसऱ्याकडे सरकतं. तो या दोन्हींच्या मधे टिकून राहिला, तर तुमची दुसरी पसंती कोणी वाचतच नाही. हे तिघेही टिकणारे आहेत.

"अहो भाऊ, ते गणित बरोबर असेल," नागपूरचा म्हणाला. "पण माणूस माझ्या सोफ्यावर बसला, पोराने माझ्या पोराचं खेळणं तोडलं, मी हो म्हणालो. आता पेन्सिल हातात आल्यावर नाही म्हणू?"

"आणि तिने मागितलंय कुठे?" बायको म्हणाली. "मागायला आली असती तर तिलाच दिलं असतं. तिला गरज नसेल. गल्लीतली मतं तिचीच, असं तिच्या नवऱ्याचं गणित असेल."

"तू कोणाला हो म्हणालीस?"

"मास्तरांना. तू कोणालाच म्हणाला नाहीस ना? तू दार उघडतच नाहीस. मग तू दे तिला एक."

मी तिला एक नंबर दिला. मतदानाच्या दिवशी शाळेत माझ्यापुढच्या आयरिश बाईंना वेगवेगळ्या रंगांचे कागद मिळाले. नागरिकत्वाच्या नियमावर सार्वमत त्याच दिवशी होतं. आम्हाला एकच कागद मिळाला.

शनिवारी सकाळी मी शेजारणीच्या नवऱ्यासोबत मोजणीला गेलो. क्रीडागृहात टेबलांच्या रांगा, मधे कमरेएवढा कठडा, कठड्याला रेललेली माणसं. आमच्या वसाहतीची पेटी उघडली तेव्हा तो पुढे सरसावला. कागद सुलटे होऊ लागले. त्याची पेन्सिल सुरुवातीला जोरात चालत होती. मग मंदावली.

"तुमची माणसं आली का मताला?" त्याने विचारलं. नजर कागदांवरच होती.

"आली. सगळी."

"मग हे बघ. मास्तर एक, ती दोन. पोरगा एक, ती दोन. नर्स एक, ती दोन. आपल्या गल्लीची अख्खी पेटी तिला दोन देऊन बसली आहे." शेजारचा दुसऱ्या पक्षाचा टॅलीवाला हसला. "अरे वा, सगळ्यांची लाडकी," तो म्हणाला. "लाडकीला खुर्ची नसते."

शेजारीण दुपारी आली. अंगात निळा कोट, पायांत तेच बूट. त्या दिवशी आणि रविवारी सकाळी ती तळातल्या दोघांच्या जरा वर तरंगत राहिली. ते दोघे बाद झाले तशी तिला थोडी थोडी मतं मिळत गेली. मग तळाशी ती आणि आणखी एक अपक्ष उरले. फेरमोजणी झाली. फरक एवढा होता की तेवढी माणसं आमच्या भिशीला एका बैठकीत बसली असती. ती बाद झाली. आमच्या घरांचे कागद मास्तरच्या, पोरवाल्याच्या आणि नर्सच्या गठ्ठ्यांमध्येच राहिले. तिच्या कागदांचं वाटप झालं, त्यातला सर्वांत मोठा गठ्ठा मास्तरला गेला आणि संध्याकाळी तो निवडून आला. तिने जाऊन त्याचा हात हातात घेतला. "दिवे सांभाळा," ती म्हणाली.

सोमवारी ती मागच्या दाराने शिडी परत करायला आली. बायको त्या दिवशी घरी होती. चहा ठेवता ठेवता तिने सांगून टाकलं. "मी तुला दोन दिला. मास्तरांना एक. मी त्यांना शब्द दिला होता."

"शब्द?" शेजारीण म्हणाली. "दारात?"

"हो."

शेजारीण खुर्चीवर बसली. "अगं, मी स्वतः त्याला हो म्हटलंय दारात. आई गं. आम्ही सगळेच सगळ्यांना हो म्हणतो. त्या पोरवाल्याला हो, नर्सला हो. ते भिजत आलेले असतात बिचारे. नाही कसं म्हणायचं?"

"मग पाळत नाही?"

"कोणीच पाळत नाही. त्यांनाही माहीत असतं. तो आपला दारातला शिष्टाचार."

बायकोने चहा कपांत ओतला. मग म्हणाली, "तू का नाही मागितलंस? एकदा म्हणाली असतीस तर अख्ख्या भिशीने तुला एक दिला असता."

"शेजाऱ्यांकडे?" तिने कप खाली ठेवला. "पहिल्या दिवसापासून मी तुमच्या घरात वावरते. तुमच्याकडे मत मागायला पुढच्या दाराने येऊ?"

बायकोने तिला आणखी चहा घेशील का, विचारलं. ती नको म्हणाली. बायकोने ओतला. ती प्यायली, कप स्वतः धुवून प्रेसमध्ये ठेवला आणि "ग्रँड, ठीक आहे, येते मी" म्हणून गेली. भिशीला ती पुढेही येत राहिली. निवडणुकीचा विषय तिथे पुन्हा कोणी काढला नाही. वहिनींनी एकदा माझ्यासमोर एवढंच म्हटलं, "आपण शब्द पाळला, यात चूक काय झाली ते मला अजून कळत नाही." 

तिने पुन्हा उमेदवारी भरली नाही. २००६ च्या शेवटी दोघांनी घर विकलं आणि ती दोघं पश्चिमेकडच्या एनिस गावी, तिच्या बहिणीच्या जवळ, राहायला गेली.

२४ मे २००७ रोजी सार्वत्रिक निवडणूक झाली. यादीत आमच्या नावांपुढे तेच अक्षर होतं, त्यामुळे आम्हाला मत नव्हतं. शुक्रवारी सकाळी मी टॅलीसाठी पेन्सिल घेऊन मोजणीला गेलो. आमच्या वसाहतीची पेटी उघडली तेव्हा कठड्याशी आमच्या गल्लीतलं माझ्याशिवाय कोणी नव्हतं.