रिकामी मूठ

"कुणी सांगितलं?"

डाव्या हाताने खिशातून टपालाचं एखादं वापरलेलं पाकीट काढायचं, उजव्या हाताने कानावरची पेन्सिल, भुवया कपाळात चढवायच्या आणि एवढे दोनच शब्द. आमच्या दिल्लीच्या सरकारी कार्यालयात तुम्ही नुसतं "म्हणे" म्हणालात, की चाचा असे समोर उभे राहत. मग तुमची सुटका नव्हती. पाकिटाच्या पाठीवर एक वर्तुळ, त्यात तुमचं नाव. तुम्हाला ज्याने सांगितलं त्याचं दुसरं वर्तुळ. मग चाचा त्याच्या टेबलाकडे चालू लागत.

ते मूळचे कराडचे, आमचे सेक्शन ऑफिसर. जाळीची टोपी फक्त शुक्रवारी, पेन्सिलचा तुकडा मात्र सातही दिवस. बाहेर हिंदी, घरात मराठी आणि संतापले की अस्सल कराडी. त्यांच्यापेक्षा वयाने मोठी माणसंही त्यांना चाचाच म्हणत. मी गणेशोत्सवातल्या नाटकांत कामं करायचो, आणि नाटक नसेल तेव्हाही करायचो, म्हणून ते मला "नट" म्हणत.

हे पाकिटाचं खूळ कुठून आलं, ते मी एकदा विचारलं.

"अरे नटा, पैगंबरसाहेब गेले. पुढे जो तो उठून सांगायला लागला, ते असं म्हणाले, ते तसं म्हणाले. वांगी खपवायलासुद्धा लोक त्यांचं नाव घ्यायचे! तेव्हा काही वेड्या माणसांनी ठरवलं, आधी विचारायचं. तुला कुणी सांगितलं? त्याला कुणी? त्याच्या त्याला कुणी? एकेका वाक्यासाठी महिना महिना उंटावरून प्रवास केला त्यांनी. सांगणाऱ्याला म्हणतात रावी. प्रत्येक रावीची नोंद ठेवली. हा पक्का, हा बरा, हा कमजोर, हा टाकाऊ. साखळीत एक खोटारडा निघाला, की वाक्य कितीही गोड असो, बाजूला."

"पण चाचा, ते धर्माचं झालं. तुम्ही तर बदल्यांच्या बातम्या तपासता."

"माझ्याकडे उंट नाही ना. जे आहे ते तपासतो."

मराठी मंडळाची सहल पानिपतला गेली होती, तेव्हाची गोष्ट. काला अंबच्या स्मारकापाशी मी लढाईचं वर्णन असं रंगवलं, की बायकांनी पदर डोळ्यांना लावले. तेवढ्यात एका गृहस्थांनी चाचांकडे तिरक्या नजरेने पाहिलं. अख्ख्या बसमध्ये चाचा एकटेच मुसलमान. चाचा शांतपणे म्हणाले, "बघता काय असे? मराठ्यांचा तोफखाना कुणाच्या हातात होता, ते जरा घरी जाऊन वाचा." मग माझ्याकडे वळले. "आणि नटा, तो घोडा मरताना रडला म्हणालास. कुणी पाहिलं?"

घोडा मीच रडवला होता. तुम्हाला म्हणून सांगतो.

रावी म्हणून माझा दर्जा कायमचा घसरला तो मात्र माकडामुळे. दिल्लीच्या सरकारी इमारतींत माकडं कर्मचाऱ्यांपेक्षा वेळेवर येतात. एका दुपारी एक दांडगं माकड आमच्या सेक्शनमध्ये शिरलं आणि फायलींच्या कपाटावर जाऊन बसलं. सगळे टेबलांमागे दडले. मी पुढे झालो. मूठ मिटली, आत शेंगदाणे असल्यासारखी हलवली, जिभेने टक्‌टक् केलं आणि पाठमोरा चालत त्याला व्हरांड्यापर्यंत नेलं. मग रिकामी मूठ उघडून दार लावून घेतलं. टाळ्या पडल्या. मी वाकून अभिवादनही केलं.

चाचा तेवढे टाळ्या वाजवत नव्हते.

"असाच एक रावी होता," ते म्हणाले. "त्याच्याकडून एक वाक्य ऐकायला एक विद्वान फार लांबून आले. बघतात तर हा बिचकलेल्या घोड्याला रिकामा पदर दाखवून जवळ बोलावतोय. पदरात दाणा नाही. विद्वान तिथूनच परत फिरले. जो जनावराला फसवतो, त्याचं काय ऐकायचं?"

"चाचा, ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली?" मी बरोबर वेळ साधली.

ते गडबडले. "मौलवीसाहेबांनी. त्यांना कुणी, ते विचारायचं राहिलं." आणि प्रामाणिकपणे पुढे म्हणाले, "गोष्ट कमजोर असेल. तू मात्र आहेसच."

आता मुख्य प्रसंग. इथे मी घोडा रडवणार नाही.

टपाल रवाना करणारे आमचे नेगीजी म्हणजे गढवालचा अबोल, भला माणूस. निवृत्तीला वर्षभर राहिलेलं. कँटीनमध्ये मी त्यांची नक्कल करायचो. एकदा पेंगत, डुलत, थुंकीने पाकिटं चिकटवत मी म्हणालो, "इतनी चिट्ठियाँ कौन भेजे? कबाड़ी को दे दो, समोसे आ जाएँगे!" कँटीन कोसळली. माझी नोकरी नवीन होती, अजून कायम व्हायचा होतो, आणि इतका हशा मला मंडळाच्या रंगमंचावरही मिळाला नव्हता.

पंधरा दिवसांनी तीच गोष्ट वरच्या साहेबांच्या टेबलावर पोचली. वाटेत समोसे गळून पडले होते. नेगी गोपनीय कागद कबाड्याला विकतो, एवढंच उरलं होतं. निलंबनाचा कागद टाइप होत होता. नेगीजींनी डबा उघडला नाही. समोर टपालाचा ढीग आणि हात मांडीवर, असे ते नुसते बसून होते.

चाचा साहेबांच्या खोलीत गेले. "साहब, चार बजे तक रुक जाइए।" आणि पाकीट घेऊन बाहेर आले.

तुम्ही कधी स्वतःकडे चालत येणारी साखळी पाहिली आहे? साहेबांना स्टेनोने सांगितलं होतं. चाचा स्टेनोकडे गेले. तिला रोखपालाने. चाचा रोखपालाकडे. त्याला आस्थापनेतल्या शर्माजींनी. प्रत्येक टेबलाशी पेन्सिल थांबे, वर्तुळ निघे. शर्माजींनी मान वर करून हॉलभर नजर फिरवली आणि बोट माझ्याकडे केलं.

चाचा माझ्यासमोर बसले. पाकिटावर शेवटचं वर्तुळ रिकामं होतं.

"तुला कुणी सांगितलं?"

उत्तर जिभेवर तयार होतं. कँटीनमध्ये कुणीतरी म्हणत होतं, चेहरा आठवत नाही. इतकं सोपं वाक्य, आणि तशी वाक्यं म्हणण्यात माझी हयात गेलेली. खरं बोललो तर नोकरी जाण्याची भीती. मी तोंड उघडलं, आणि पाठीमागून नेगीजींनी एक पाकीट चिकटवल्याचा आवाज आला. बसल्या बसल्या काम करत होते बिचारे.

"कुणी नाही," मी म्हणालो. "मीच रचलं. गंमत म्हणून."

चाचांनी वर्तुळात नाव लिहिलं. "चल."

साहेबांच्या खोलीत नेगीजींनाही बोलावलं गेलं. साहेब म्हणाले, नेमकं काय केलंत ते करून दाखवा. मग मी, ज्याला शिट्ट्यांची सवय, तो तिथे गालिच्यावर उभा राहून पेंगलो, डुललो, थुंकी लावली आणि समोशांचं वाक्य म्हटलं. कुणी हसलं नाही. असा पडलेला प्रयोग मी पुन्हा केला नाही.

नेगीजी माझ्याकडे वळले. "बेटा," ते म्हणाले, "समोसा तो मैं खाता ही नहीं। एसिडिटी है।"

निलंबनाचा कागद फाटला. मला लेखी ताकीद मिळाली आणि कायम व्हायला सहा महिने जास्त लागले. संध्याकाळी मी चाचांना म्हटलं, "आता तरी दर्जा वाढवा."

"एका खऱ्याने? माकडाला विचारून सांगतो."

निवृत्तीनंतर ते गाझियाबादला लेकीकडे राहायला गेले. हातात मोबाइल आला आणि चाचांना अखेर उंट मिळाला. नात्यातल्या ग्रुपवर कुणीही टाकायचं, ही दुआ अकरा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत खूशखबर येईल. चाचा खाली लिहायचे, "रावी कोण?" पुतण्यांनी त्यांना तीनदा ग्रुपबाहेर काढलं. एकाने तर माझ्यादेखत फोन केला. "चाचा, दीन की बात है, आगे भेजने में क्या जाता है?"

"दीनाची, धर्माची आहे म्हणूनच तर विचारतो!" चाचा कराडीवर आले. "लोक आपल्याबद्दल काहीबाही पसरवतात, तेव्हा आपण पुरावा मागतो का नाही? मागायलाच पाहिजे. मग आधी आपल्या घरात मागायला लाज वाटते व्हय रे?"

चौथ्यांदा काढलं.

चाचा गेले, तेव्हा मी गाझियाबादला गेलो. खोली माणसांनी भरलेली. एक दूरचे नातेवाईक गहिवरून सांगत होते, की शेवटचा श्वास घेतला आणि सगळ्या घरात गुलाबाचं अत्तर दरवळलं. लोक माना डोलवत होते. मी गप्प बसणार होतो, देवाशप्पथ.

"आपने ख़ुद सूँघा?"

कोपऱ्यात चाचांची लेक बसली होती. तिने ओढणी तोंडाशी नेली, आणि मला वाटलं आता ही मला बाहेर काढणार. पण ती हसत होती. "काका, मी होते तिथे," ती म्हणाली. "फिनेलचा वास होता." आणि हसता हसता रडायला लागली.

निघताना तिने चाचांच्या एका जाड पुस्तकातून खुणेसाठी घातलेलं पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. पिवळं पडलेलं. साहेब, स्टेनो, रोखपाल, शर्माजी, मी. शेवटच्या वर्तुळाखाली बारीक अक्षरात सरकारी शेरा होता: "नट. या वाक्यापुरता पक्का. माकडाचं प्रकरण प्रलंबित."

दुसऱ्या दिवशी मी शेंगदाण्यांची पुडी घेऊन ऑफिसला गेलो. व्हरांड्याच्या कठड्यावर एक माकड बसलं होतं, बहुधा त्या दांडग्या माकडाचा नातू. मी मूठ पुढे केली. माझी कीर्ती ऐकून असल्यासारखं ते बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिलं. मग जवळ येऊन त्याने माझं एकेक बोट उघडलं.

हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. दुसरा साक्षीदार कठड्यावर बसून शेंगदाणे खात होता. खिशातून पाकीट काढणारं मात्र कुणी नव्हतं.