जुन्या डॉक्टरांच्या याद्या

मेडिकल लायब्ररीच्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. समोर बसणारे एक अनोळखी मराठी काका ती सारखी टेबलावर आपटायचे. आठवडाभर जुन्या डॉक्टरांच्या याद्या चाळत होते. दर दहा मिनिटांनी उठून खिडकीपाशी जायचे. शेवटी वैतागून मीच विचारलं, "काका, काय शोधताय?"

"पणजीला. इथं अमेरिकेत डॉक्टर झाली म्हणतात. यादीत नावच नाही."

"लग्नाआधी शिकल्या असतील. माहेरच्या नावानं बघितलंत?"

पेन्सिल थांबली. "ते नाव घरात कुणी कधी घेतलंच नाही. मीही विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी काकांची खुर्ची रिकामी होती. माझंच कामात लक्ष लागेना. पार्किंगमधून बाबांना फोन लावला. "बाबा, आजीचं, म्हणजे तुमच्या आईचं, माहेरचं नाव काय?"

"थांब हं," बाबा म्हणाले, "तुझ्या आईला विचारतो."