शिवेवरचा घास

या ग्रुपवरचे अनुभव मी वाचतो ते करमणूक म्हणून. अंगात येणं, करणी, बाधा — असलं काही माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय, आणि यात भीती नाही... म्हणून लिहितोय.

मी जुन्नर तालुक्यातल्या डिंगोऱ्याचा, द्राक्ष बागायतदार. मागच्या वर्षी आमच्या भागातल्या बागायतदारांचा युरोपला अभ्यास दौरा निघाला, त्यात मी वडिलांना, म्हणजे आबांनाही नेलं. फ्रान्सच्या टोकाला अल्सास म्हणून भाग आहे. उतारावर द्राक्षबागा, मधे लाकडी चौकटींची रंगीत घरं, आणि बांध ओलांडला की जर्मनी! पोचलो त्या रात्री तिथली कांदा-मलई पसरून भाजलेली पातळ रोटी खाऊन आबा म्हणाले, "मंचरचा कांदा पायजे व्हता याला."

दुसऱ्या दिवशी बागा बघायला गेलो. तोडणी कधीच संपली होती. पानं गळून वेली उघड्या पडलेल्या. बागेच्या वर झाडीत दोन देशांच्या हद्दीचा दगड होता. आबांनी पिशवीतून माझ्या बायकोने दिलेली मासवडी काढली आणि एक तुकडा दगडावर ठेवला. आमच्याकडे खाण्याचं घेऊन शीव ओलांडायची तर आधी शिवेला घास ठेवतात.

"आबा, ह्यो फ्रान्स हाय, डिंगोरं न्हाई!"

"शीव ती शीवच. तिला काय पासपोर्ट लागतो व्हय?"

सगळे हसले. पिशवी मी खांद्याला लावली आणि उतरायला लागलो. तेवढ्यात असं धुकं उतरलं की पुढचा माणूस दिसेना. बसपाशी येऊन बघतो तर आबा नाहीत. सकाळी इन्सुलिन घेतलेलं, जेवणाला उशीर झालेला, आणि त्यांच्या गोळ्या-बिस्किटं माझ्या खांद्यावर! शुगर उतरली की ते जागीच कोसळतात. हाका मारत वर पळालो... खरं सांगतो, रडत होतो.

आबा त्याच दगडाला टेकून बसले होते. कपाळावर घाम, अन् तोंडात घास. हातात द्राक्षाच्या पानावर तीच कांद्याची रोटी — गरम, वाफ निघत होती.

"कुनी दिली?"

"बाई आलती एक, डोक्याला फडकं बांधलेली. माझ्या डोळ्यांपुढं अंधारी. म्हनली, तुमचा घास पोचला, आता आमचा घ्या."

"कंच्या भाषेत म्हनली?"

आबांनी तोंडातला घास गिळला. "ते काय ध्यानात न्हाई गड्या. कळलं, येवढं खरं."

दगडावरचा तुकडा नव्हता. तो पाखरांनी नेला असेल. बाई तिथलीच कुणी असेल, हेही मान्य. पण सगळ्यात जवळचं घर खाली बसपाशी, मग रोटी गरम कशी? आणि ते पान... हिरवंगार, कोवळं, आपल्याकडे छाटणीनंतर फुटतं तसं. सगळा डोंगर उघडा असताना ते कुठल्या वेलीचं? जन्म द्राक्षात गेला माझा, मला सांगता येत नाही.

ती कोण होती, अजूनही माहीत नाही. तिने माझे वडील मला परत दिले, तिचे उपकार फिटायचे नाहीत.

आता मंचरहून येताना गाडीत खायचं काही असलं की डिंगोऱ्याच्या शिवेवर मी गाडी थांबवतो आणि स्वतः उतरतो. आबा काच खाली करून ओरडतात —

"बारका नगं, मोठा ठिव!"