पायाळू चिमाजीची खाण

जमीन गेली तेव्हापासून चिमाजीला एका जागी बसलेलं कुणी पाहिलं नाही. पिंपरीच्या माळावर औषधाच्या कारखान्यासाठी तारेचं कुंपण पडलं आणि त्याची चार एकर त्यात गेली. नोकरी मिळाली ती त्याच कुंपणाच्या फाटकावर, राखणदाराची. दिवसभर आपल्याच शेतात शिरणाऱ्या ट्रकांना वाट करून द्यायची आणि सुटी झाली की कुंपणाच्या कडेकडेनं पुन्हा चालत सुटायचं. त्याच्याकडे बघून मलाच दम लागायचा.

मोबदल्याचे पैसे पोस्टात होते. त्याची बायको मंजुळाबाई हिचं म्हणणं एकच होतं, जमीन गेली तर जमीनच घ्यायची. चाकणच्या अलीकडे तिच्या मावसभावानं कांद्याच्या रानाचा एक तुकडा बघून ठेवला होता, विहिरीसकट. मालक दिवाळीपर्यंत थांबायला तयार होता. चिमाजी हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना.

अशात पुण्याहून बबनराव नावाचा शेअरांचा दलाल आमच्याकडे फिरू लागला. मोबदल्याचा वास या लोकांना बरोबर लागतो. स्टेशनाजवळच्या चांदभाईच्या हॉटेलात बसून तो रेशमी रुमालातून एक काळा दगड बाहेर काढी आणि ज्याच्या त्याच्या हातावर ठेवी. दगड आकाराच्या मानानं चांगलाच जड होता. हे मँगेनीज, पोलादाला लागतं, कोरियात लढाई चालली आहे, अमेरिका वाट्टेल तो भाव देते, असं त्याचं सांगणं. सावंतवाडीच्या बाजूला त्याच्या कंपनीनं नवी खाण घेतली होती. चिमाजीनं तो दगड दोनदा हातात घेतला तेव्हाच मला कळलं, की चाकणचा कांदा आता मागे पडणार.

पण चिमाजी वेडा नव्हता. डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसा देणार नाही, म्हणाला. मी इथला शाळामास्तर, छापील माहितीपत्रक वाचायला म्हणून मला त्यानं बरोबर घेतलं. कोल्हापूरपर्यंत रेल्वे, पुढे एस.टी.नं घाट उतरून आम्ही खाणीवर पोचलो. बबनराव बरोबर होताच.

तिथं चिमाजीनं जे प्रश्न विचारले ते ऐकून मला त्याचं कौतुक वाटलं. माल बंदरावर कसा नेता, पावसाळ्यात रस्ता चालू असतो का, आगबोट किती दिवसांनी लागते, घेणारा कोण. उत्तरं धड कुणालाच देता येईनात. ट्रक एकच होता आणि त्याची दोन चाकं काढून ठेवलेली होती. गेल्या पावसाळ्यापूर्वी काढलेल्या मालाच्या ढिगावर गवत उगवलं होतं. चिमाजीनं ते गवत उपटून बघितलं, मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "मास्तर, ह्यात राम न्हाई. चला घरला." मी मनातल्या मनात मंजुळाबाईचं अभिनंदन केलं.

तेवढ्यात बबनरावानं खाणीच्या मॅनेजरला सांगितलं, की हे पाहुणे पायाळू आहेत.

चिमाजी खरोखरच पायाळू होता, म्हणजे जन्मताना त्याचे पाय आधी बाहेर आले होते. अशा माणसाला जमिनीखालचं दिसतं, असं आपल्याकडे मानतात. लहानपणी त्याला घोंगडीवर उभा करून विहिरीची जागा विचारत. तो बोट दाखवी, लोक खणत आणि पाणी लागे. नदीकाठच्या गावात ते कुठंही लागतं. मोठेपणी तो स्वतःच या प्रकाराला हसायचा.

मॅनेजर मात्र हसला नाही. त्याचा चेहरा एकदम खुलला. मँगेनीजचा पट्टा महिन्याभरापासून हरवला होता, खाली नुसती तांबडी माती लागत होती. त्यानं घोंगडी मागवली. आता, ज्या कंपनीला आपल्या खाणीत काय आहे हे पायाळू माणसाला विचारावं लागतं, तिच्यात कुणी दमडी घालावी का? मी तसं चिमाजीच्या कानात सांगितलं. पण तोवर त्यानं वहाणा काढल्या होत्या.

खाणीत सगळं काम थांबलं. बायकांनी डोक्यावरच्या पाट्या खाली ठेवल्या. शंभरेक माणसं या राखणदाराकडे हात जोडल्यासारखी बघत उभी राहिली. चार एकर जाताना त्याला कुणी एक शब्द विचारला नव्हता. तो डोळे मिटून उभा होता, अगदी स्थिर. दोन वर्षांत त्याला असा स्थिर मी पहिल्यांदा बघत होतो. मग त्यानं उतरणीच्या बाजूला बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथं काळा दगड लागला.

परतीच्या वाटेवर मी रस्ता, ट्रक, ढीग, गवत सगळं पुन्हा मोजून सांगितलं. त्याच्या कानात काही शिरत नव्हतं. "पट्टा रुंद हाय मास्तर, डोंगराच्या पोटात शिरलाय," एवढंच तो सांगत राहिला. घरी गेल्यावर त्यानं खाणीचं सगळं सांगितलं, तेव्हा मंजुळाबाईनं विचारलं, तुम्हाला दिसलं का? तो दिसलं म्हणाला. ती उठली आणि तिनं पोस्टाचं पुस्तक आणून त्याच्यापुढे ठेवलं. एवढी शहाणी बाई, तीही या खुळाला भुलली म्हणून मी तिच्यावर भयंकर चिडलो. सगळा पैसा खाणीच्या शेअरांत गेला आणि कांद्याचा तुकडा दिवाळीनंतर दुसऱ्यानं घेतला.

पुढं कोरियातली लढाई थांबली. भाव उतरला, आगबोटी यायच्या थांबल्या आणि बबनराव दिसेनासा झाला. आम्ही पुण्यात कंपनीच्या कचेरीत गेलो तर तिथं एक शिंपी मशीन चालवत बसला होता. त्यानं आम्हाला पाणी दिलं. माल डोंगरात होता तसाच राहिला.

त्यानंतर चिमाजी बायको भांडायची वाट बघत राहिला. आज बोलेल, उद्या बोलेल. ती काही बोलेना, तसा तो आणखीच कासावीस झाला. एका संध्याकाळी मी अंगणात बसलो असताना त्याला ते सोसेना. तिला म्हणाला, "एकदा तोंड भरून शिव्या तरी दे. तुझा इस्वास बसला म्हणून तू पैसं दिलंस, आन् म्या बुडवलं."

मंजुळाबाई जोंधळे पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"माझा कदी बसला त्येच्यावर इस्वास? पायाळूला काय दिसतंय," ती म्हणाली. "जमीन गेल्यापास्नं तुमी माझ्यासंगट चार शबूद बोलला न्हवता. त्या दिशी खाणीवरनं आलात आन् चुलीपुढं बसून बोलतच ऱ्हायलात. म्हनलं, माणूस माघारी येतोय, तर जाऊ द्या पैसं."

माझी मान खाली गेली. चिमाजी खाली बसला, तिच्या सुपाशेजारी, आणि त्यानं विचारलं, "कोंबड्या डालल्या का?"

"व्हय," ती म्हणाली, "कवाच्याच."